ताऱ्यांचा जन्म कां मंदावला?

अमावास्येच्या रात्रीं गोरेगांवच्या माळावरून पाहिलें, तर आकाशांत ताऱ्यांस तोटा दिसत नाहीं. तथापि विश्वांत नवे तारे जन्मण्याचें प्रमाण १० अब्ज वर्षांपूर्वींच्या मानानें आज सुमारें दशांशच उरलें आहे. असें कां व्हावें?

तारा घडतो हायड्रोजन वायूपासून. वायु निवून स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानें आकुंचन पावला म्हणजे तारा प्रकाशूं लागतो. तेव्हां आपल्या आकाशगंगेसारख्या ज्या दूरच्या दीर्घिका आहेत, त्यांच्यांत वायु किती होता हें पाहिलें पाहिजे. पण त्याची २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर फारच क्षीण!

पुणें जिल्ह्यांत खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या साह्यानें आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर प्रभृति संशोधकांनीं ७,६५३ दीर्घिकांच्या लहरी एकत्र मिळविल्या. एकेकीचा न ऐकूं येणारा स्वर समुदायाचा म्हणून ऐकूं आला. या लहरी ८ अब्ज वर्षांपूर्वीं निघालेल्या, म्हणजे स्थितिही तेव्हांचीच. २०२० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वायु विपुल होता, परंतु तारे इतक्या वेगानें घडत होते कीं, तो सांठा १–२ अब्ज वर्षेंच पुरता. बाहेरून नवा वायु त्या मानानें आला नाहीं. उपसा मोठा आणि झरा बारीक असला म्हणजे वैशाखांत विहिरीचें जें होतें, तेंच हें.

मात्र सर्वच दीर्घिकांची अशी उपासमार होते, असें नव्हे. कांहीं प्रचंड दीर्घिकांभोंवतीं वायु भरपूर असतो. पण मध्यस्थ कृष्णविवराजवळून उसळणारी ऊर्जा त्यास निवूंच देत नाहीं.