सामना तबकडीतून की तारेतून?

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचे सामने मुख्यतः शनिवारी होतात. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात लाखाहून अधिक प्रेक्षक मावतात. बाकीच्यांना घरी दूरचित्रवाणीच. मग केबल घ्यावी की उपग्रहाची तबकडी?

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किमी उंचीवर असतो. लहरींना वर जाऊन खाली येण्यास किमान ७१,६०० किमी प्रवास करावा लागतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किमी. भागाकार तुम्हीच करा. उत्तर पाव सेकंदाच्या जरा आत येईल. म्हणजे केबलवाल्या शेजाऱ्याला सामना आधी दिसेल, असे वाटते ना? इथेच आपण फसतो. केबल केंद्रही बऱ्याच वाहिन्या उपग्रहावरूनच घेते. तारेचा प्रवास त्यानंतरचा.

खरा फरक पडतो पावसात. घरगुती तबकडीकडे येणाऱ्या लहरींची वारंवारता सुमारे १२ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी अडीच सेंटिमीटर. पावसाचे थेंब त्यांची ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. (आपल्याकडचा जुलै आठवा!) मिशिगनमध्ये तबकडी क्षितिजापासून ४० अंशांच्या आसपासच उचललेली असते, तिरक्या वाटेत पाऊस अधिक लागतो. केबल केंद्राची तबकडी कित्येक मीटर रुंद असते व बहुधा ४ गिगाहर्ट्झच्या लहरी घेते, म्हणून तिला हा त्रास कमी.

तर मग केबलच? थांबा. मिशिगन ज्या गटात खेळते त्या ‘बिग टेन’ची वाहिनी २००७ साली निघाली, ती डायरेक्टटीव्हीच्या तबकडीवर लगेच दिसू लागली, कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीने ती २००८ मध्ये घेतली. उलट ‘पॅक-१२’ची वाहिनी २०१२ साली निघाली आणि २०२४ मध्ये बंद झाली, पण डायरेक्टटीव्हीवर कधी आलीच नाही. आकाश निरभ्र असूनही!