शुश्रूषा हीदेखील इबादत: कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

हिजरी सन २ च्या रमजान महिन्यात बद्रचे युद्ध झाले. त्या दिवशी रणांगणावर असलेल्या सहाबांचा दर्जा उम्मतमध्ये किती उंच मानला जातो, हे आपण जाणता. तरीही हजरत उस्मान (रजि.) तेथे नव्हते. त्यांच्या पत्नी, म्हणजेच प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.), मदीनेत आजारी होत्या. पुढे कोणी एकाने ही गैरहजेरी दोष म्हणून मांडली, तेव्हा हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी त्याला खरी हकीकत सांगितली. ती सहीह बुखारीत नोंदलेली आहे: आजारी पत्नीपाशी थांबणाऱ्या उस्मान (रजि.) यांना बद्रमध्ये हजर असलेल्या माणसाइतकाच सवाब आणि युद्धप्राप्तीतील हिस्सा मिळेल, असे स्वतः प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले होते.

या एका घटनेत तीन धडे आहेत. पहिला, आजाऱ्याची शुश्रूषा हे बायकांवर सोडून देण्याचे किरकोळ काम नाही. एका थोर सहाबींना त्यासाठी बद्रपासून मागे ठेवले गेले. दुसरा, हजरत रुकय्या (रजि.) त्या आजारातून उठल्या नाहीत, विजयाची वार्ता मदीनेत पोहोचली तेव्हा त्यांचे दफन होत होते. तरी उस्मान (रजि.) यांचा हिस्सा कायम राहिला. सवाब सेवेचा असतो. शिफा देणे अल्लाहच्या हाती. तिसरा, शुश्रूषा करणाऱ्याचा वाटा समाजाने काढून ठेवायचा असतो. हे तीन धडे हाती घेऊन आज आपण एका विशिष्ट आजाराकडे पाहू.

आजार कोणता, दोष कोणाचा?

स्कोलिओसिस म्हणजे पाठीचा कणा एका बाजूला वळणे आणि त्याबरोबर पिळला जाणे. एक्स-रेवर मोजलेला हा कोन १० अंश किंवा त्याहून अधिक असला की त्यास स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेक रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. वाढीच्या वयात, विशेषतः मुलींमध्ये, हा बाक झपाट्याने वाढू शकतो. एक खांदा वर दिसणे, कंबर एकीकडे झुकणे, पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच येणे या त्याच्या खुणा होत. वाढत्या वयात मध्यम बाकासाठी पट्टा देतात. कोन साधारणपणे ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत मणक्यांत स्क्रू बसवून, त्यांना सळया जोडून कणा शक्य तितका सरळ करतात आणि हाडाची कलमे घालून ते मणके एकमेकांशी सांधू देतात.

आपल्याकडे अशा वेळी पहिला प्रश्न दोषाचा निघतो. आईने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, कोणाची नजर लागली, मुलगी वाकून बसते, दप्तर जड होते, असे सारे सांगितले जाते. दप्तराने पाठ दुखू शकते. पण हा आजार त्याने किंवा वाकून बसण्याने होत नाही. ग्रहणाविषयी तर आपल्या दीनने फार पूर्वी निवाडा दिला आहे. प्रेषितांचे (स.) पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले आणि लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले. प्रेषितांनी (स.) स्वतःच्या दुःखाच्या घडीलाही ती समजूत खोडून काढली: सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्ममृत्यूसाठी त्यांना ग्रहण लागत नाही. तेव्हा आईच्या माथ्यावर ग्रहणाचा दोष ठेवणे हे अज्ञान आहे आणि जुलूमही.

उपचार करणे तवक्कुलच्या विरुद्ध आहे काय? काही अरब बांधवांनी प्रेषितांना (स.) हेच विचारले होते. उपचार करा, कारण वार्धक्य वगळता प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. दुआ जरूर करावी. पण केवळ ताविजावर विसंबून वाढीची वर्षे निघून जाऊ देणे म्हणजे मुलीच्या अमानतीत हयगय होय.

खर्च आणि घरी परतण्याची वाट

वरसे, रोहा किंवा आसपासच्या कुटुंबास अशा शस्त्रक्रियेसाठी बहुधा मुंबई, नवी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते काय आणि कोणत्या रुग्णालयात, हे दाखल होण्यापूर्वीच आरोग्यमित्राकडे विचारून घ्यावे. गरजू कुटुंबास यासाठी जकात देता येते. मात्र पित्याने आपली जकात स्वतःच्या लहान मुलीच्या उपचारात धरू नये. तिचा खर्च त्याच्यावर वाजिबच आहे. चुलते, मामा, शेजारी यांनी मात्र हात पुढे करावा, आणि तोही घरच्यांना मागावे लागण्यापूर्वी.

रुग्णालयातून बहुधा काही दिवसांतच घरी सोडतात. मुंबई-गोवा महामार्ग आणि पुढे नागोठणे किंवा कोलाडमार्गे रोहा हा प्रवास ताज्या जखमेसाठी सोपा नसतो. म्हणून निघण्यापूर्वी वेदनाशामक औषधाची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, गाडी सावकाश हाकावी आणि वाटेत थांबून रुग्णास थोडे उभे राहू द्यावे.

हात कसा द्यावा?

घरी आल्यावर पहिले काही महिने तीन गोष्टी टाळायच्या असतात: कमरेतून वाकणे, पाठ पिळणे आणि वजन उचलणे. हे निर्बंध किती काळ पाळायचे, हे शल्यचिकित्सकच सांगतील. मणके पक्के सांधण्यास साधारणपणे सहा महिने ते वर्षभर लागते. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकाच वेळी वळले पाहिजेत, जणू लाकडाचा ओंडका गडगडावा. उठताना आधी कुशीवर यावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताचा रेटा देऊन बसते व्हावे. मायेपोटी तिला काखेत धरून किंवा हाताला ओढून उचलू नये.

आपल्या घरांची रचना जमिनीशी जोडलेली आहे. दस्तरखान जमिनीवर, बिछाना जमिनीवर, शौचकूपही खाली बसण्याचा. म्हणून आधीच पलंग, पाठ असलेली खुर्ची आणि कमोडची खुर्ची यांची सोय करावी. नित्याच्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात. सारे घर दस्तरखानाभोवती जेवत आहे आणि ती एकटीच खुर्चीवर आहे, असे होऊ देऊ नये. कोणीतरी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसावे.

वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठ होणे सामान्य आहे. पाणी, फळे व पालेभाज्या भरपूर द्याव्यात. डाळ, अंडी, मासळी यांनी भरून येण्यास मदत होते. चालणे हे औषधच आहे. दर दिवशी थोडे अधिक चालू द्यावे. ताप, जखमेतून स्राव, वाढत जाणारी वेदना, पायांत नवा बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पोटरीला सूज, धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास उद्याची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा.

आंघोळ, कपडे आणि शौच यांत मदत लागते तेव्हा किशोरवयीन मुलीस फार संकोच होतो. तिची हया जपणे हा शुश्रूषेचाच भाग आहे. मदत आईने किंवा बहिणीने करावी, गरजेपुरतेच अंग उघडे करावे आणि प्रत्येक वेळी आधी विचारावे. जे तिला स्वतः जमते ते तिलाच करू द्यावे, मग वेळ लागला तरी चालेल.

नमाज: सवलत ही अल्लाहची देणगी

रुकू नाही, सजदा नाही, मग नमाज कशी होईल, या चिंतेने पुष्कळ रुग्ण व्याकूळ होतात. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांनी आपल्या आजारात हाच प्रश्न प्रेषितांना (स.) विचारला होता. बुखारीतील उत्तराचा आशय असा: उभे राहून पढा, न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर पडून.

आपल्या कोकणात बहुसंख्य मुस्लिम शाफई मजहबाचे आहेत. या मजहबानुसार ज्यास उभे राहता येते पण रुकू-सजदा करता येत नाही, त्याने कियाम उभ्यानेच करावा आणि रुकू-सजदा जमेल तितक्या इशाऱ्याने करावेत. हनफी मजहबात सजदा अशक्य असल्यास कियामची सक्ती राहत नाही. बसून इशाऱ्याने नमाज पढणे अधिक चांगले मानले जाते. दोन्हींत सजद्याचा इशारा रुकूपेक्षा थोडा खाली असावा. डॉक्टरांनी वाकण्यास मनाई केली असता मानेचा हलका इशारा पुरेसा आहे. उशी उचलून कपाळाला लावण्याची गरज नाही.

वुजूची अडचण वाटते तितकी मोठी नाही. पाठीवरची जखम वुजूच्या अवयवांत येत नाही, म्हणून नेहमीचाच वुजू होतो. कोणी पाणी आणून द्यावे इतकेच. गुसल वाजिब झाल्यास पट्टीवर पाणी न घालता बाकीचे अंग धुवावे. हनफींत पट्टीवर मसह पुरेसा होतो, शाफईंत मसहबरोबर तयम्मुमही करावा लागतो. भुलीच्या काळात सुटलेल्या नमाजांचा तपशील आपल्या इमामांना विचारावा. रमजान आला तर सूरह बकरहने आजाऱ्यास रोजे पुढे ढकलण्याची मुभा दिलेलीच आहे.

येथे घरच्यांची जबाबदारी काय? ‘एकदा प्रयत्न तरी कर, सजदा जमेल’ असे म्हणून तिच्यावर दडपण आणू नये. बुखारीतील दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की, माणूस आजारी किंवा प्रवासात असता त्याच्या नावे तितकेच अमल लिहिले जातात, जितके तो निरोगी व घरी असता करत असे. तेव्हा तिची खुर्चीवरील नमाज उणी नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. वेळ झाली की आठवण द्या, खुर्ची किब्ल्याकडे वळवा. कधी आईने तिच्या शेजारी आपले मुसल्ले अंथरावे.

मनाची जखम

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत रडू येणे, चिडचिड होणे, ‘उगाच केले’ असे वाटणे हे पुष्कळांना होते. त्याला नाशुक्री म्हणू नये. उंची काही सेंटिमीटर वाढलेली असते, जुने कुर्ते नीट बसत नाहीत, पाठीवर लांब व्रण असतो. आरशात दिसणारे शरीर ओळखीचे व्हायला वेळ लागतो. त्यात भेटीला आलेले नातलग ‘आता हिचे लग्न कसे होईल?’ असे तिच्या देखत बोलतात.

हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्या बारीक पिंढऱ्या पाहून एकदा काही सोबती हसले. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, अल्लाहच्या तराजूत त्या उहुद पर्वताहून जड आहेत. सूरह हुजुरातने इतरांची थट्टा करणे आणि वाईट टोपणनावे ठेवणे निषिद्ध केले आहे. घरात ‘कुबडी’, ‘वाकडी’ हे शब्द चेष्टेतही उच्चारले जाऊ नयेत. विवाहाच्या वेळी शस्त्रक्रियेची माहिती दुसऱ्या पक्षास प्रामाणिकपणे द्यावी. पण ती कलंक सांगितल्यासारखी देऊ नये. अशा शस्त्रक्रियेनंतर बहुतेक स्त्रिया मातृत्वाची जबाबदारी व्यवस्थित पेलतात. प्रसूतीच्या वेळी भूलतज्ज्ञांना कण्यातील सळयांची कल्पना द्यावी इतकेच.

मोहल्ल्याचा वाटा

सहीह मुस्लिममधील एका हदीसे-कुदसीत कियामतच्या दिवशीचा प्रश्न सांगितला आहे, ज्याचा आशय असा: मी आजारी होतो, तू भेटीस आला नाहीस. बंदा चकित होईल, तेव्हा सांगितले जाईल की, अमुक बंदा आजारी होता. त्याच्याकडे गेला असतास तर मला तेथे पाहिले असतेस. इतक्या मोलाची ही भेट आहे. म्हणूनच ती रीतीने व्हावी: आधी विचारून जावे, थोडाच वेळ बसावे, सर्दी-खोकला असता जाऊ नये, धीराचे बोलावे आणि दुआ करावी.

याहून मोठी भेट म्हणजे आईची एक रात्र आपल्याकडे घेणे. वडील धाटावच्या कारखान्यात पाळीवर असतील किंवा आखाती देशात असतील, तर भार एकाच बाईवर पडतो. हजरत सलमान (रजि.) यांनी हजरत अबू दर्दा (रजि.) यांना सांगितले होते की, तुमच्या स्वतःच्या जिवाचाही तुमच्यावर हक्क आहे, आणि प्रेषितांनी (स.) ते खरे ठरवले. म्हणून शेजारणीने दुपारचा डबा पाठवावा, मावशीने दोन तास बसावे, भावाने शाळेतून वह्या आणून द्याव्यात, जमातीच्या तरुणांनी तपासणीच्या दिवशी गाडीची सोय करावी. परदेशातील वडिलांनी पैसे पाठवून मोकळे न होता रोज ठरल्या वेळी मुलीशी बोलावे, आणि प्रश्न ‘किती दुखते?’ एवढ्यावरच थांबू नये.

हजरत उस्मान (रजि.) यांचा हिस्सा प्रेषितांनी (स.) काढून ठेवला होता. आपल्या मोहल्ल्यात आज कोणाच्या घरी एखादी आई आजाऱ्याच्या उशाशी जागत असेल, तर तिचा हिस्सा काढून ठेवणे आपल्यावर आहे. अल्लाह प्रत्येक आजाऱ्यास पूर्ण शिफा देवो, आणि शुश्रूषा करणाऱ्यांच्या हातांना बळ देवो. आमीन.