हवेलीत गुहामानवाचं भूत कसं?

प्रश्न : बीबीसीच्या ‘घोस्ट्स’ मालिकेतली हवेली काही शतकांपूर्वीची. मग तिथे आदिमानव रॉबिनचं भूत कसं?

उत्तर : या मालिकेतली भुतं वास्तूला नव्हे, जमिनीला बांधलेली आहेत. माणूस जिथे मेला, त्या आवाराबाहेर त्याला जाता येत नाही. रॉबिन मेला तेव्हा बटन हाउस या हवेलीची एक वीटही रचलेली नव्हती. घर नंतर त्याच्याभोवती उभं राहिलं. म्हणूनच तो तिथला सर्वांत जुना रहिवासी, दिवे लुकलुकवणारा आणि बुद्धिबळात तरबेज. अभिनेता लॉरेन्स रिकर्डने त्याला दिलेलं शहाणपण ही मालिकेची खरी कमाई आहे.

कल्पनेला इतिहासाचा आधारही आहे. चित्रीकरण झालं ते सरे परगण्यातल्या वेस्ट हॉर्सली प्लेसमध्ये. शेजारच्याच ससेक्समध्ये, बॉक्सग्रोव्ह इथे, 1993 साली सुमारे 5 लाख वर्षांपूर्वीच्या माणसाचं नडगीचं हाड सापडलं. ही माणसं गुहेत नव्हे, उघड्या पाणथळ माळावर दगडी हत्यारांनी घोडे सोलत होती! ‘गुहामानव’ हे चित्र तिथेच तोकडं पडतं.

अमेरिकी आवृत्तीत मात्र आदिमानव नाही. 2021पासून तिथे थॉरफिन हा व्हायकिंग आहे.