रेकॉर्डर चालू होत नाही तेव्हा

बँडरूममधला हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. वर दोन माइक, मागे दोन पेन्सिल सेल, कडेला मेमरी कार्ड. असे यंत्र एके दिवशी बटण दाबूनही चालू होत नाही आणि मग हाऊसमधला प्रत्येक जण त्याचा डॉक्टर होतो. कोणी ते तळहातावर आपटतो, कोणी सेल काढून दाताने चावतो. खरे तर क्रमाने तपासले तर अर्ध्या तासात दोष कुठे आहे ते कळते आणि त्यासाठी दहावीच्या पुस्तकाबाहेरचे फारसे काही लागत नाही. लागतो तो फिजिक्स लॅबमधला मल्टिमीटर, लिटमस कागद आणि मेसमधले थोडे व्हिनेगर.

बटणाला हात लावण्याआधी कार्ड बाहेर काढा. यंत्र बिघडले तर दुसरे मिळेल, कार्डावरचे मिळणार नाही. आपले बँड उस्ताद या टर्मच्या शेवटी गावी परत जात आहेत. आपल्या मार्चच्या धुनांची बांधणी कागदावर पूर्ण उतरवलेली नाही, ती त्यांच्या डोक्यात आहे. म्हणून त्यांनी एकेका वाद्याचा भाग स्वतः वाजवून रेकॉर्ड करायला घेतला होता: क्लॅरिनेट, ट्रम्पेट, साइड ड्रम, असे नऊ भाग झाले. दहावा युफोनियमचा. तो चालू असतानाच रेकॉर्डर बंद पडला आणि पुन्हा उठला नाही. कॉपी कुठेच नव्हती. त्यामुळे कार्ड काढून, त्याच्या कडेची छोटी पट्टी लॉककडे सरकवून (म्हणजे त्यावर चुकून काही लिहिले जात नाही) ते कॉम्प्युटर लॅबमध्ये लावले. नऊ फायली नीट होत्या. त्या लगेच दोन ठिकाणी कॉपी केल्या. दहावीसमोर आकार शून्य दिसत होता. त्याचे पुढे सांगतो.

कार्ड काढण्याचा आणखी एक फायदा आहे. काही रेकॉर्डर चालू होताना आधी कार्ड वाचतात आणि कार्ड खराब असेल तर तिथेच अडकतात. कार्डाशिवाय चालू झाला तर दोष कार्डाचा.

मग होल्डचे बटण पाहा. बऱ्याच यंत्रांत पॉवरचीच सरकपट्टी उलट्या दिशेला ढकलली की सगळी बटणे कुलूपबंद होतात. बॅगेत ती आपोआप सरकते. तसेच पॉवरचे बटण टिचकी मारल्यासारखे दाबू नका, दोन-तीन सेकंद धरून ठेवा. एवढ्याने काम झाले तर पुढचा लेख वाचायची गरज नाही.

आता सेल. हिंदीत ‘सेल बैठ गया’ म्हणतात, आपण ‘सेल उतरला’ म्हणतो. मला आपला शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण सेल एकदम बसत नाही, हळूहळू उतरतो आणि उतरताना फसवतो. मल्टिमीटरवर नवा अल्कलाइन सेल 1.5 ते 1.6 व्होल्ट दाखवतो. वापरलेला सेल 1.4 दाखवला की मुले म्हणतात, ‘चांगला आहे.’ पण मीटर सेलकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. ओझे न उचलता उभा असलेला माणूस किती ताकदीचा आहे हे कसे कळणार? म्हणून सेलच्या दोन टोकांना 10 ओहमचा रेझिस्टर जोडून मग व्होल्टेज मोजा. समजा, आधी 1.45 होते आणि आता 1.0 झाले. ओहमच्या नियमाने करंट 0.1 अँपिअर. हरवलेले 0.45 व्होल्ट सेलच्या स्वतःच्या आतल्या रोधात गेले, म्हणजे तो रोध 4.5 ओहम. नव्या अल्कलाइन सेलमध्ये तो अर्ध्या ओहमपेक्षाही कमी असतो. असा उतरलेला सेल भिंतीवरचे घड्याळ अजून कित्येक महिने चालवेल, कारण घड्याळाला अगदी थोडा करंट लागतो. रेकॉर्डरला मात्र चालू होतानाच स्क्रीन, कार्ड आणि माइक या सगळ्यांना एकदम पोसायचे असते. तिथे व्होल्टेज कोसळते आणि यंत्र डोळा उघडून मिटते.

कँटीनमधले स्वस्त सेलही याच कारणाने चालत नाहीत. ते झिंक-कार्बनचे असतात. वर 1.5 व्होल्टच लिहिलेले असते आणि ते खोटेही नाही, पण आतला रोध जास्त. ‘नवे सेल घातले तरी चालत नाही’ या तक्रारीत आधी सेलवर काय छापले आहे ते वाचा.

आमचे सेल मात्र चांगले निघाले, दोन्ही 1.5 च्या वर, ओझ्याखालीसुद्धा. मग दोष पुढे कुठेतरी. इथे एक साधी मोजणी उपयोगी पडते. दोन सेल एकामागोमाग जोडलेले असतात. आत जाणारी दोन टोके एका बाजूला असतात आणि दुसऱ्या बाजूला एक पत्र्याची पट्टी दोन्ही सेलना जोडते. सेल जागेवर ठेवून त्या दोन टोकांमध्ये मीटर लावा. साधारण 3 व्होल्ट यायला हवेत. आमचे आले 0. प्रत्येक सेल जिवंत, पण बेरीज शून्य, म्हणजे दोघांमधला पूल तुटलेला. पट्टी पाहिली तर तिच्यावर पांढरी भुकटी साचली होती.

ही भुकटी म्हणजे गळलेला सेल. ते सेल आधीच कोणीतरी बदलले होते, गळती मागे राहिली. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते बाहेर आले की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे पोटॅशियम कार्बोनेट होते. पण झिंक-कार्बन सेल गळला तर बाहेर येणारे द्रव्य आम्लधर्मी असते. दोन्ही वेळा दिसते पांढरेच. म्हणून आधी लिटमस. ओल्या लाल लिटमसवर भुकटीचा कण ठेवला, तो निळा झाला. अल्कली, म्हणजे उतारा व्हिनेगरचा. (निळा लिटमस लाल झाला असता तर खाण्याच्या सोड्याचे पाणी.) हातमोजे आणि लॅबचा चष्मा घाला, ही गोष्ट कातडीला आणि डोळ्याला वाईट. कान साफ करायच्या काडीवर एकच थेंब घ्या. बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड परत हवेत चालला. बुडबुडे थांबले की ओल्या काडीने पुसा, मग स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. काचकागदाने घासू नका. पत्र्यावरचा मुलामा निघाला तर पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज येईल. मीटरने 3.1 दाखवले आणि रेकॉर्डर चालू झाला.

इथे दोष सापडला नसता तर पुढची पायरी अडॅप्टरची होती. सेल काढून फक्त अडॅप्टरवर पाहा, मग अडॅप्टर काढून फक्त सेलवर. दोन्ही एकत्र लावून काही कळत नाही. अडॅप्टरवर चालतो आणि सेलवर नाही, असे झाले तर पिन घालायच्या भोकाकडेही लक्ष द्या. पिन आत गेली की सेलचा मार्ग तोडणारा एक छोटा संपर्क अनेक यंत्रांत तिथेच असतो. तो अडकला तर पिन काढल्यावरही मार्ग तुटलेलाच राहतो. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केल्यावर तो कधी कधी सुटतो. आणि गिटारच्या पेडलचा अडॅप्टर ‘पिन बसते’ म्हणून लावू नका. तो बहुधा 9 व्होल्टचा असतो आणि त्याचे मधले टोक ऋण असते, तर रेकॉर्डरला बहुधा 5 व्होल्ट आणि मधले टोक धन लागते. दोन्हींवर छोटे गोल चिन्ह छापलेले असते, ते जुळवून पाहा. अंगभूत लिथियम बॅटरीचा रेकॉर्डर फुगलेला दिसला तर उघडू नका, चार्जही करू नका, सरांकडे द्या.

आता ती शून्य आकाराची फाइल. रेकॉर्डर आवाज कार्डावर लिहीत जातो, पण फाइल किती मोठी आहे ही नोंद शेवटी, स्टॉप दाबल्यावर पूर्ण करतो. मध्येच वीज गेली तर नोंद अपुरी, आवाज मात्र कार्डावर पडलेलाच. म्हणून अशा कार्डाला फॉरमॅट करू नये. कॉम्प्युटरच्या सरांनी फायली परत मिळवायच्या प्रोग्रामने 63.5 एमबीचा एक तुकडा बाहेर काढला. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 2 बाइटचा, डावा आणि उजवा असे दोन, म्हणजे मिनिटाला सुमारे 10.6 एमबी. भागाकार केला तर सहा मिनिटे. उस्ताद तेवढेच वाजवून थांबले होते! प्लेअर तो तुकडा उघडेना, कारण सुरुवातीच्या नोंदीत लांबी शून्यच होती. ऑडॅसिटीमध्ये ‘रॉ’ म्हणून घेतला, 16 बिट, स्टीरिओ, 44,100 असे हाताने भरले. पहिल्या खेपेला नुसता खरखराट आला, कारण वाचन एका बाइटने सरकले होते. एक बाइट पुढून सुरू केल्यावर युफोनियम आले.

उस्तादांनी हेडफोन लावून पूर्ण ऐकले आणि म्हणाले, ‘दूसरी लाइन में साँस गलत है, दुबारा लेंगे।’ दुसरी खेप शनिवारी परेडनंतर घेतली, नव्या अल्कलाइन सेलवर. आता सेल रेकॉर्डरमध्ये ठेवत नाही. ते बँडरूमच्या कपाटात वरच्या खणात, पत्र्याच्या डब्यात आहेत. घेताना जोडीनेच घ्या, एक जुना आणि एक नवा असे करू नका, आणि झाकणाच्या आतल्या कागदावर तारीख लिहा.