घरचे रंग, घरचा कुंचला



प्रत्येकाला कसला ना कसला छंद असतो. आमच्या वर्गात कोणी पक्ष्यांची पिसे जमवतो, कोणी काडेपेटीचे छाप जमवतो. मला चित्रे काढण्याचा छंद आहे. पण पुष्कळ मुले म्हणतात, "आमच्याकडे रंगपेटी नाही, मग चित्र कसं काढायचं?" मीही आधी असेच म्हणत होते. म्हणून हा लेख लिहिला आहे.

मी तिसरीत असताना शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती. विषय होता 'बैलपोळा'. मी पेन्सिलीने बैल काढला. शिंगे, झूल, गोंडे सगळे काढले. पण रंग नव्हते. शेजारच्या मुलीकडे मागितले, तर तिने पेटी मिटून घेतली. तिचेही बरोबर होते, तिचा तांबडा रंग नखाएवढाच उरला होता. माझा बैल कोराच राहिला. एक मुलगा म्हणाला, "हिचा बैल उपाशी हाय!" सगळे हसले. घरी गेल्यावर मी आप्पांकडे रंगपेटी मागितली. आप्पा म्हणाले, "आधी खताची उधारी द्यायची हाय. रंग काय खायचे हायेत व्हय?" मी गप्प बसले. रात्री जेवले नाही.

दोन दिवसांनी पोळा आला. आप्पांनी गेरू कालवून बैलांच्या अंगावर ठिपके दिले. वाटीत थोडा गेरू उरला. आज्जी म्हणली, "अगं, ह्यो बी रंगच हाय की!" मला एकदम आनंद झाला. मी बोटानेच माझा बैल रंगवला आणि वाळल्यावर चित्र दप्तरात ठेवले. शाळेत जाऊन बघते तर काय! सगळा गेरू सुटला होता. पुस्तके तांबडी, वह्या तांबड्या, पांढरा सदराही तांबडा. आईने चांगलेच बोलणे दिले.

मी बाईंना विचारले, "गेरू का सुटला?" बाई म्हणाल्या, "गेरू म्हणजे माती. तिच्यात लोखंडाचा गंज असतो, म्हणून ती तांबडी दिसते. पाणी वाळून गेलं की माती मोकळी होते. तिला कागदावर धरून ठेवायला डिंक लागतो. दुकानातल्या जलरंगाच्या वडीतसुद्धा रंगाची भुकटी आणि डिंकच असतो." मग मी तसे करून बघितले. आता रंग कसे करायचे ते सांगते.

डिंकाचे पाणी : बाभळीचा डिंक १ चमचा घ्यावा. तो ४ चमचे पाण्यात रात्रभर भिजत ठेवावा. सकाळी फडक्यातून गाळावा. हे पाणी थोडेच करावे. तीन-चार दिवसांनी त्याला वास येतो.

रंग :
१) तांबडा – गेरू बारीक कुटून फडक्यातून चाळावा.
२) काळा – चुलीतला विझलेला कोळसा पाट्यावर वाटावा. (आईला विचारून. नंतर पाटा धुवावा. मी धुतला नव्हता, तेव्हा चटणी काळी झाली.)
३) पांढरा – फळ्याजवळ पडलेले खडूचे तुकडे कुटावेत.
४) पिवळा – हळद. पण हळदीचे चित्र उन्हात ठेवू नये, रंग उडतो.
५) निळा – कपड्यांना घालायची नीळ. चिमूटभर पुरते.
६) हिरवा – घेवड्याचा पाला कागदावर नुसता घासावा. हा रंग काही दिवसांनी तपकिरी पडतो.

भुकटीत डिंकाचे पाणी थोडे थोडे घालून सायीसारखे घोटावे. गेरूत खडू घातला की फिकट गुलाबी होतो. कोळशात खडू घातला की राखाडी होतो. हळदीत खायच्या चुन्याचा ठिपका पडला की ती लाल होते. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो ना, तसेच. पण चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून तो मोठ्या माणसांकडूनच घालून घ्यावा.

परीक्षा : कागदावर एक रेघ ओढून वाळू द्यावी. वाळल्यावर बोट फिरवावे. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला. रेघेला तडे जाऊन खपल्या निघाल्या तर डिंक जास्त झाला. मला चौथ्या वेळी जमले.

कुंचला : बाभळीची काडी दातवणासारखी चावून तिचे टोक मऊ करावे. बारीक रेघेसाठी बांबूची काडी चांगली. मोठा भाग रंगवायला काडीला चिंधी बांधावी.

कागद : लग्नपत्रिकेची कोरी बाजू किंवा खोक्याचा पुठ्ठा चालतो. गुळगुळीत कागदावर मात्र रंग धरत नाही.

मला वाटत होते की हे गरिबाचे रंग आहेत. मी बाईंना तसे म्हणाले. तेव्हा बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अजिंठ्याची. अजिंठ्याची लेणी आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. तिथली पुष्कळ चित्रे सुमारे १५०० वर्षांपूर्वीची आहेत. चित्रकारांनी दगडी भिंतीवर मातीचा गिलावा केला. त्या मातीत भाताचा भुसा घातला होता. वरून चुन्याचा पातळ हात दिला. रंग होते तांबडी माती, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी. निळ्या रंगाचा दगड तेवढा लांबून, अफगाणिस्तानाकडून आलेला होता. त्या रंगांतली चित्रे बघायला आज जगातून माणसे येतात.

दुसरी गोष्ट वारली चित्रांची. पालघर जिल्ह्यात वारली लोक राहतात. लग्न असले की घराच्या कुडाच्या भिंतीवर बायका चौक लिहितात. भिंत शेणामातीने सारवून गेरूने तांबडी करायची आणि तांदळाच्या पिठाने पांढरे चित्र काढायचे. कुंचला म्हणजे टोक चेचलेली बांबूची काडी. गोल, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यातच माणसे, झाडे, बैल, सगळे येते. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) हे वारली चित्रकार. लग्न नसले तरी ते रोज चित्रे काढायचे. त्यांची चित्रे परदेशातही गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे ऐकल्यापासून मी घरचे रंग लपवत नाही. दर रविवारी एक चित्र काढते. आतापर्यंत २३ झाली. शेजारची ती मुलगी आता माझ्याकडे गेरू मागायला येते आणि मी तिची नीळ घेते.

आईवडिलांना एक विनंती आहे. मुलाकडे रंगपेटी नसली तर रागावू नका आणि वाईटही वाटून घेऊ नका. बाजारातून थोडा गेरू आणि थोडा डिंक आणून द्या. बाकी सगळे घरातच आहे. आणि "चित्रं काढून काय मिळतं?" असं म्हणू नका. आमच्या आप्पांनी यंदा पोळ्याच्या बाजारातून गेरूच्या दोन पुड्या आणल्या. आईने विचारले, "दोन कशाला?" आप्पा म्हणाले, "एक बैलांची, एक हिची."

सांगा पाहू :
१) नुसत्या पाण्यात कालवलेला गेरू कागदावरून का सुटतो?
२) रेघेच्या खपल्या निघाल्या तर काय करावे?
३) तुमच्या घरात यांशिवाय आणखी कोणता रंग सापडेल? सापडला तर बाईंना आणून दाखवा.

या भित्तिपत्रकाची तांबडी-पांढरी कड मीच घरच्या रंगांनी काढली आहे. बोट फिरवून बघा. रंग निघत नाही.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी