जांभ्या जमिनींतील ॲल्युमिनियम आणि स्फुरदाचें खत

कोंकणांतील वरकस जमिनीस सुपर फॉस्फेट देऊनही पिकास त्याचा पुरता लाभ होत नाहीं, हा पुष्कळांचा अनुभव आहे. याचें एक मोठें कारण जमिनींतील ॲल्युमिनियमचीं संयुगें हें होय.

ॲल्युमिनियमचें निर्जल ऑक्साइड म्हणजे कुरुंद. हत्यारांस धार लावण्यास तो वापरतात. माणिक व नीलम हीं त्याचींच रंगीत रूपें. ऑक्साइडाशीं पाण्याचा अंश संयोग पावला म्हणजे गिब्साइट, बोहमाइट व डायास्पोर हीं खनिजें होतात. हीं ज्यांत मुख्य असतात तो दगड बॉक्साइट. फ्रान्समधील ले बो गांवाजवळ १८२१ सालीं तो प्रथम ओळखला गेला, म्हणून हें नांव. आपल्याकडे कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांत तो सांपडतो.

मुसळधार पावसानें काळ्या खडकांतील चुना, पालाश व बरीचशी वाळूद्रव्यें वाहून जातात. लोह व ॲल्युमिनियम मागें राहतात. यांतूनच जांभा बनतो. त्याचा तांबडा रंग लोहाचा. ॲल्युमिनियम डोळ्यांस दिसत नाहीं.

गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली असतां जे कापसासारखे पुंजके धरतात, ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाचेच. ते गाळास धरून तळाशीं बसतात. जमिनींतील हायड्रॉक्साइडही स्फुरदास असेंच धरून ठेवतें. मग तें मुळांस सहज मिळत नाहीं. शिवाय जमिनीचा सामू ५.५ च्या खालीं गेला कीं ॲल्युमिनियम विरघळूं लागतें व कोंवळ्या मुळांचीं टोकें खुंटतात. अशीं आंखूड मुळें खत व ओल दोन्ही शोधूं शकत नाहींत.

यास्तव आमची सूचना अशी कीं, खतावर पैसा घालण्यापूर्वीं मातीची परीक्षा करवावी. जमीन आम्ल ठरल्यास परीक्षेंत सांगितलेल्या मानानें चुनखडीची भुकटी पेरणीपूर्वीं कांहीं आठवडे मातींत मिसळावी. त्यामुळें विरघळलेलें ॲल्युमिनियम पुन्हां अविद्राव्य होतें. सुपर फॉस्फेट चुन्याबरोबर देऊं नये व सर्वत्र फेंकूंही नये. बियाण्याच्या ओळीजवळ द्यावें, म्हणजे मातीशीं त्याचा संपर्क कमी येतो. कुजलेलें शेणखत सोबत असल्यास स्फुरद कमी अडकतें. भातखाचरांत पाणी सांचून राहिल्यानें आम्लता आपोआप उतरते, म्हणून तेथें चुन्याची गरज थोडी.

देशावरील काळ्या जमिनीस मात्र हा उपाय लागू नाहीं. तींत चुना मुळांतच पुष्कळ असतो व स्फुरद त्या चुन्यानेंच अडकतें. शेजाऱ्याचें पाहून चुना न टाकतां आपली माती पाहून टाकावा, हेंच हिताचें.