पडद्यावरील नकाशा आणि गांवचें दप्तर

शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गांव निवडून एखाद्या गटावर बोट ठेविलें, कीं क्षेत्र व खातेदाराचें नांव समोर येतें. सोय मोठी आहे. परंतु हें चित्र दोन निरनिराळ्या दप्तरांवर उभें असून, तीं दप्तरें ज्या दिवसापर्यंत पुरीं, त्या दिवसापर्यंतच तें खरें, हें जमीनधारकांनीं ध्यानांत ठेवावें.

पहिलें दप्तर हक्कनोंदीचें. नांव ७/१२ वरून येतें, आणि ७/१२ बदलतो तो गांव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीवरून. जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४९ अन्वयें वारसा, वाटणी इत्यादींनीं मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. पुढें हितसंबंधितांस नोटीस, हरकतीस १५ दिवस, व त्यानंतर नोंद प्रमाणित होणें, असा क्रम आहे. तोंवर पडद्यावर जुनेंच नांव राहतें.

दुसरें दप्तर भूमि अभिलेख खात्याचें. गटाची रेषा तेथून येते. ती केवळ फेरफारानें हलत नाहीं. मोजणी होऊन पोटहिस्सा कायम झाला, तरच नकाशा दुरुस्त होतो.

समजा, २ हेक्टर ४० आरांचा गट तीन भावांनीं सारखा वांटून घेतला. फेरफार मंजूर होतांच ७/१२ वर ८० आर प्रत्येकीं लागतील. नकाशांत मात्र गट अखंडच राहील. रस्त्याकडील तुकडा कोणाचा, हें त्यावरून कोणासही सांगतां येणार नाहीं.

खेड तालुक्यांत चाकण, म्हाळुंगे, निघोजे या बाजूस ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. तेथें महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खालीं कारखान्यांसाठीं जमिनी संपादन झाल्या आहेत. अशा वेळीं अधिकारी दप्तर पाहतात. बांधावरची तोंडी वाटणी पाहत नाहींत. मग मोबदला भाऊबंदकींत अडकून पडतो.

म्हणून वाचकांनीं पुढील तीन गोष्टी कराव्या :

१. वारस व वाटणीची वर्दी मुदतींत देऊन तिची पोंच जपावी.

२. ७/१२ वर प्रलंबित फेरफार आहे काय, तें पाहावें.

३. वाटणी होतांच पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करावा, आणि नंतर नकाशा व ७/१२ यांचें क्षेत्र ताडून पाहावें.

दोन्हीं दप्तरें जुळलीं, कीं पडद्यावरील चित्र आपोआप खरें होईल. संपादनाची नोटीस हातीं पडल्यावर ही धांवपळ करण्यापेक्षां आजच दप्तर पाहणें शहाणपणाचें.